फ्रिजचा आवाज

आमच्या केमी गावात कुणी फार बोलत नाही.
बसथांब्यावर दोन माणसांच्या मध्ये
तिसरं मावेल एवढी जागा सोडायची रीत आहे.
तरी माझं न बोलणं
इथल्या मापानेही जास्तच भरलं.

शाळेत बाई म्हणायच्या, बोलताना माझ्याकडे बघ.
मी बघायचे.
मग ऐकू काही यायचं नाही,
डाव्या बुबुळातला तपकिरी ठिपका तेवढा दिसायचा.
तो अजून हुबेहूब काढून दाखवेन.
त्या काय शिकवत होत्या, ते विचारू नका.

एकावन्नाव्या वर्षी डॉक्टरांनी शब्द दिला: स्वमग्न.
त्यात 'स्व' कसा आला, याचं मला नवल वाटलं.
स्वतःत बुडायला सवड कधी मिळाली?
मी बुडत आले ट्यूबलाइटच्या गुणगुणीत,
स्वेटरच्या लेबलात,
शेजारच्या टेबलावर चमचा आपटतो त्यात.

सिर्का, माझी बहीण, म्हणाली,
आता या वयात कळून काय उपयोग?
मी उपयोगांची यादी सांगायला घेतली.
चौदाव्यावर तिने विषय बदलला.

रात्री अकराला मी लॅपटॉप उघडते.
मॉन्टेव्हिडिओत तेव्हा संध्याकाळचे सहा.
एल्बियोने बत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या,
हाच शब्द त्याला साठी उलटल्यावर मिळाला.
दोघांचीही नसलेल्या भाषेत आम्ही लिहितो,
तो पुली आणि तारांविषयी,
मी खडकावरच्या दगडफुलाविषयी, जे
वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाही
आणि त्याबद्दल त्याला कुणी बोलत नाही.

इथे वाक्य धाडण्याआधी बघता येतं.
पुसता येतं.
उत्तराला नऊ दिवस लागले तरी कुणाची भुवई चढत नाही,
चढली तरी मला दिसत नाही.
स्वर्ग नाही हा. इथेही माणसंच असतात.
एकीने मला गोड बोलून सहाशे युरोंना बुडवलं.
तिचे जुने निरोप मी पुन्हा वाचले,
खोटं नेमकं कुठे सुरू झालं ते शोधत.
सापडलं नाही.

सिर्का म्हणते, ऊठ त्या पडद्यासमोरून, माणसांत ये.
नाताळला गेले.
तेरा माणसं, आणि एक सुगंधी मेणबत्ती.
दोन तास मी न्हाणीघरात फरशा मोजत बसले.
एकशे बाराव्या फरशीला तडा होता.
रात्री एल्बियोला कळवलं.
त्याने विचारलं, आडवा की उभा?

फेब्रुवारीत त्याचं बोट चुकलं आणि फोन लागला.
मी घेतला. कसा घेतला, ठाऊक नाही.
तो बोलला नाही. मीही नाही.
तिकडे पाणी तापत होतं,
उकळी फुटायच्या आत त्याने ते उतरवलं.
खुर्ची ओढली. कुणाचा तरी कुत्रा, लांब.
माझ्याकडून काय जात असेल?
खिडकीत बर्फ होतं, पण बर्फाला आवाज नसतो.
चाळीस मिनिटांनी फोन बंद झाला
आणि निरोप आला:
"तुझ्या फ्रिजचा कॉम्प्रेसर जाणार आहे.
दर अकरा सेकंदांनी अडखळतो."

अकरा.
सहा वर्षं मी तेच मोजत होते.
सहा वर्षं सिर्का त्याच स्वयंपाकघरात उभी राहून म्हणत होती,
कुठे आहे आवाज?

गुरुवारी दुरुस्तीवाला आला.
कान लावून म्हणाला, चांगला चाललाय की.
मी म्हटलं, उघडा.
कुणी सांगितलं बिघडलाय म्हणून?
मी खरं ते सांगितलं, शहराच्या नावासकट.
तो माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्या बुटांकडे.
नाडीला दोन गाठी होत्या, दुसरी उलटी.

मग त्याने मागची जाळी काढली, बॅटरी आत धरली,
आणि बराच वेळ
काही म्हणाला नाही.